डोळ्यात एकच दिवा

मास्तरांचा ब्रश तीन केसांचा होता. दुकानातून आणला की तो चांगला भरगच्च असे, पण मास्तर त्याला भिंगाखाली धरून ब्लेडने एकेक केस छाटत बसत आणि शेवटी तीनच शिल्लक ठेवत. बायको म्हणायची, एवढी निगा डोक्यावरच्या केसांची राखली असती तर आज टोपी घालायची वेळ आली नसती. मास्तर ऐकून न ऐकल्यासारखं करत. ब्रश नीट झाल्याशिवाय त्यांना चहासुद्धा गोड लागत नसे.

त्या ब्रशाचं काम म्हणजे फोटोंवरचे पांढरे ठिपके भरणं. नेगेटिव्हवर धुळीचा कण बसला की छापलेल्या कागदावर तेवढी जागा पांढरी राहते. मग आजूबाजूच्या करड्या छटेशी जुळेल अशी शाई कालवायची, ब्रश जवळजवळ कोरडा करायचा आणि श्वास रोखून तो तिथे नुसता टेकवायचा. चांगलं काम तेच, जे झालंय हे कुणाच्या लक्षातही येत नाही. मास्तरांनी पंचेचाळीस वर्षं असं लक्षात न येणारं काम केलं होतं आणि त्याचा त्यांना बऱ्यापैकी ताठा होता.

ते ज्यांच्या हाताखाली शिकले त्या म्हाताऱ्या छायाचित्रकाराचा एक नियम होता: डोळ्यात एकच दिवा. माणसाचा चेहरा जवळून टिपला की समोरची खिडकी नाहीतर दिवा त्याच्या बुबुळात चमकतो. त्या चमकेमुळे डोळा जिवंत वाटतो. पण चमका दोन झाल्या की नजर फुटते, माणूस कुठे बघतोय तेच कळत नाही. म्हणून मोठी ठेवायची आणि दुसरी, कितीही बारीक असली तरी, भरून टाकायची. शिकाऊ असताना मास्तरांनी या नियमापायी टपल्या खाल्ल्या होत्या. आता तो त्यांच्या हातात इतका मुरला होता की ब्रश आपणहून डोळ्यांकडे जाई.

गेली अकरा वर्षं ते मुख्यतः एकाच बाईचं काम करत होते. मुलांच्या इस्पितळात सगळे तिला फोटोमावशी म्हणत. घरची मोठी श्रीमंती, नवरा गेलेला, वय सत्तरीला टेकलेलं. दर मंगळवारी सकाळी ती आपला जुना चौकोनी कॅमेरा आणि तिवई घेऊन तिसऱ्या मजल्यावरच्या टोकाच्या खोलीत जाई. खोलीत एक उंच खिडकी होती, तिच्या शेजारी गॅलरीत उघडणारं दार, आणि दोन्हींकडे तोंड करून ठेवलेली एक लाकडी खुर्ची. पूर्वी त्या खोलीत आईबाप डॉक्टरांची वाट बघत बसत. वॉर्डातल्या एकेका मुलाला आणून खुर्चीत बसवायचं, खोलीत दुसऱ्या कुणी थांबायचं नाही, आणि फक्त चेहऱ्याचा फोटो काढायचा. एक प्रत आईबापांना, फुकट, चौकटीसकट. दुसरी, त्यांनी हो म्हटलं तर, वर्षातून एकदा भरणाऱ्या प्रदर्शनात.

प्रदर्शनाला मोठमोठी माणसं येत, भिंतीवरच्या डोळ्यांसमोर उभी राहत आणि बाहेर पडताना हात सैल सोडत. त्यातून वॉर्डात श्वासाची यंत्रं आली, लांबून येणाऱ्या आईबापांना राहायला खोल्या झाल्या, आणि आता नवी इमारत उभी राहत होती. मंत्र्यासंत्र्यांच्या भाषणांनी जे झालं नव्हतं ते त्या डोळ्यांनी केलं.

एक गोष्ट मात्र खरी. मावशीच्या फोटोंतली मुलं कॅमेऱ्यात बघत नसत. ती जराशी बाजूला, दाराच्या अंगाला बघत, आणि बरीचशी हसत. एका समीक्षकाने त्यावर पानभर लिहिलं होतं, त्यात ‘अनंताकडे लागलेली दृष्टी’ असे शब्द होते. मावशीने तो लेख मास्तरांना वाचून दाखवला. “मी ‘इकडे बघ, इकडे बघ’ म्हणून घसा कोरडा करते हो,” ती म्हणाली, “आणि ही लबाड पोरं तिकडेच बघतात. अनंत कसला डोंबलाचा.” दोघं पोट धरून हसले होते.

मावशीला एक मुलगी होती. सहा वर्षांची असताना ती याच इस्पितळात, याच मजल्यावर गेली. अडतीस वर्षं झाली त्याला. पुढे कितीतरी महिने मावशी तिचे फोटो मांडीवर घेऊन दिवसदिवस बसून राहायची. नवऱ्याला ते बघवेना. एकदा ती बहिणीकडे गेली असताना त्याने सगळे फोटो, नेगेटिव्हसकट, जाळून टाकले. चांगल्या मनाने केलं, तो माणूस वाईट नव्हता, असं मावशी हे सांगताना दरवेळी बजावे. नंतर दोघं पंचवीस-सव्वीस वर्षं एका घरात राहिली आणि त्या गोष्टीबद्दल एका अक्षराने बोलली नाहीत. तो गेला आणि महिन्याभरात तिने कॅमेरा विकत घेतला. कुठल्याही आईच्या हातात रिकामी चौकट राहू नये, एवढंच तिने ठरवलं होतं.

“मास्तर, मला तिचा चेहरा आठवत नाही,” एका दुपारी ती म्हणाली. फोटो दोरीवर वाळत होते आणि दोघं त्यांच्याखाली चहा घेत बसले होते. “फ्रॉक आठवतो, पांढरा. बुटांचे पट्टे आठवतात. एक मोजा सारखा घसरून घोट्याशी यायचा. मी दिवसातून दहा वेळा वर ओढायची. इस्पितळात आणलं त्या दिवशी घाई होती, तापाने फणफणली होती, तरी उभी राहून म्हणते कशी, आई, मोजा. मी म्हटलं, आता मोठी झालीस, तुझा तू ओढ. हे सगळं आठवतं बघा. चेहऱ्याच्या जागी काही नाही.”

मास्तरांना मूलबाळ नव्हतं, आणि असल्या वेळी आपल्याला बोलायचा हक्क नाही असं त्यांना वाटे. त्यांनी उठून दोरीवरचे फोटो उगाच सरळ केले.

यंदा मावशीच्या डोळ्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी सांगितलं की नजरेचा मधला भाग विझत चाललाय, फार तर चार-सहा महिने, मग चेहरे ओळखता येणार नाहीत. मावशीने ही बातमी मास्तरांना, पाऊस लांबलाय म्हणावं तशा आवाजात दिली. जे बघायचं तेच दिसत नाही, आजूबाजूचा पसारा तेवढा दिसतो, ती म्हणाली, आणि तशी मला सवयच आहे. तिची एकच इच्छा होती. नव्या इमारतीच्या लांबलचक व्हरांड्यात तिच्या निवडक बारा मुलांचे पुरुषभर उंचीचे फोटो लागायचे होते. ते तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे होते.

एवढे मोठे फोटो मास्तरांनी जन्मात छापले नव्हते. त्यांनी चित्र मोठं करून पाडणारा एन्लार्जर आडवा करून समोरच्या भिंतीवर प्रकाश पाडला, कागद पट्ट्यापट्ट्यांनी चिकटवला, आणि डेव्हलपरचं द्रावण बादलीतून घेऊन स्पंजाने पुसून पुसून चित्र वर आणलं. पहिला फोटो लोकरीची टोपी घातलेल्या एका आठ वर्षांच्या मुलाचा होता. नेहमीप्रमाणे तो दाराच्या अंगाला बघत हसत होता. दुसऱ्या दिवशी कागद वाळला. सकाळच्या उजेडात, स्टुलावर चढून, मास्तर ब्रश घेऊन त्याच्या डाव्या डोळ्यासमोर बसले. डोळा बशीएवढा झाला होता.

बुबुळात खिडकी होती, तिची चारही तावदानं मोजता येत होती. खिडकीपुढे काळसर उंचवटा होता, म्हणजे कॅमेऱ्यावर वाकलेली मावशी. आणि तिच्या शेजारी, दाराच्या बाजूला, दुसरी चमक होती. ती मास्तरांच्या चांगली ओळखीची होती. प्रत्येक मुलाच्या डोळ्यात ती असायचीच. खोलीच्या कोपऱ्यात घडीचा पांढरा पडदा असतो, त्याची कड उजेड मारते, असं त्यांनी पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं होतं, आणि तेव्हापासून शेकडो डोळ्यांतून ती भरून काढली होती. छोट्या फोटोत ती टाचणीच्या टोकाएवढी असे. इथे ती नखाएवढी होती. मास्तरांनी शाई कालवली, ब्रश कोरडा केला, श्वास रोखला.

ब्रश टेकायच्या आधीच थांबला. ठिपक्याला पाय होते.

मास्तरांनी खाली उतरून चष्मा पुसला, मग भिंग घेऊन परत चढले. वरचा फिकट भाग खाली रुंद होत गेलेला, फ्रॉकसारखा. त्याखाली दोन पाय. एका पायावर पांढरी पट्टी गुडघ्यापर्यंत होती. दुसऱ्या पायावर ती घोट्याशी गोळा झालेली होती.

ते हुशार माणूस होते आणि भुताखेतांच्या गोष्टींना त्यांच्या घरात थारा नव्हता. त्यांनी उजवा डोळा तपासला. तिथेही तेच, थोडं सरकून, जसं दुसऱ्या डोळ्यातून दिसायला हवं तसं. मग ते इस्पितळात जाऊन ती खोली बघून आले. घडीचा पडदा कोपऱ्यात होता. तो हिरवा होता. मोठ्या सिस्टर, ज्या वॉर्ड सांभाळत, त्या म्हणाल्या की अडतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी तिथे पांढरा पडदा पाहिलेला नाही. मास्तरांनी मान डोलावली आणि जिन्याच्या पायऱ्या मोजत खाली आले.

पुढचे आठ दिवस त्यांनी दुसरं काही केलं नाही. पहिल्या वर्षापासूनच्या नेगेटिव्ह काढल्या आणि प्रत्येकीतला नुसता एक डोळा मोठा करून छापला. बायको दोनदा दार वाजवून गेली. शेवटी तिने जेवणाचं ताट बाहेर स्टुलावर ठेवून दिलं आणि म्हणाली, माझं नाही तर निदान पोटाचं ऐका. आत मास्तर तांबड्या दिव्याखाली एका डोळ्यामागून एक डोळा ट्रेमध्ये वर येताना बघत होते. प्रत्येकात ती होती. बहुतेकांत दाराच्या उंबऱ्यावर, चौकटीला पाठ लावून. काहींत खोलीत चार पावलं आत. थोड्या मुलांच्या डोळ्यांत ती मावशीच्या बरोबरीने उभी होती, आणि अगदी मोजक्यांत मावशीच्या पुढे, कॅमेरा आणि खुर्चीच्या मध्ये, तावदानं झाकून. अकरा वर्षांत ती तेवढीच राहिली होती. मोजा दर वेळी खाली होता. चेहरा मात्र कुठेच लागत नव्हता. जवळ असली तरी चेहऱ्याच्या जागी नुसते फिल्मवरचे चांदीचे कण होते.

आणि ते सगळं त्यांनी स्वतःच्या हाताने भरलं होतं. एका आईला अकरा वर्षं जे हवं होतं ते तिच्याच फोटोंतून, तीन केसांच्या ब्रशाने, एकदाही हात न थरथरता. माज उतरतो म्हणतात तो असा उतरतो हे त्यांना त्या दिवशी कळलं.

ती कधी दाराशी आणि कधी जवळ का, हे त्यांना कळत नव्हतं. वर्षांशी त्याचा मेळ बसेना, ऋतूंशी बसेना. शेवटी त्यांनी सगळ्यांत जवळ असलेल्या मुलांपासून सगळ्यांत लांब असलेल्यांपर्यंत क्रमाने एक यादी केली, तारीख आणि वय घालून, आणि मोठ्या सिस्टरांकडे नेली. या मुलांचं पुढे काय झालं एवढं सांगा, म्हणाले.

सिस्टरांनी वॉर्डचं जाड रजिस्टर उघडलं. टोपीवाला, तो त्याच आठवड्यात गेला. ही पण. हा चौथ्या दिवशी. सिस्टरांचं बोट यादीवरून सावकाश खाली येत होतं. निम्म्यावर आल्यावर त्या म्हणाल्या, हा वाचला, पण फार झगडला. त्याखालची सगळी घरी गेली होती. त्यांतली काही आता कॉलेजात होती.

सिस्टरांनी रजिस्टर मिटलं. “मास्तर, ही यादी लावली कुणी?”

मास्तर म्हणाले, सहज, उंचीप्रमाणे. सिस्टरांनी यादी घडी करून परत दिली.

आता मास्तरांपुढे एकच प्रश्न होता. मावशीला सांगायचं की नाही. दिसायला जेमतेम काही महिने उरलेल्या आईला सांगायचं, की तुमची मुलगी आहे, फक्त चेहरा नाही, आणि चेहरा दिसायला ती अजून जवळ यायला हवी. मावशी सोन्यासारखी बाई होती. तरी आई होती. मनात काय येईल ते कुणाच्या हातात असतं? मास्तरांना हे ठाऊक होतं, कारण मंगळवारची नवी फिल्म आली आणि सात वर्षांच्या एका मुलीचा डोळा ट्रेमध्ये वर येऊ लागला, तेव्हा त्यांच्याच मनात आलं, जवळ असू दे.

ती दाराशी होती. मास्तर लहान मुलासारखे रडले. नंतर त्यांनी तोंड धुतलं आणि ठरवलं की काही झालं तरी हे बोलायचं नाही.

पण दोन दिवसांनी मावशी न सांगता आली. गाडीवाल्याचा हात धरून पायऱ्या चढली आणि म्हणाली, टोपीवाला बघायला आलेय, नाही म्हणू नका. मोठा फोटो भिंतीला टेकून उभा होता. मास्तरांनी त्यावर चादर टाकायला घेतली, तेवढ्यात ती समोर जाऊन उभी राहिली. समोरचं तिला दिसत नसे, म्हणून डोळे कडेने दिसावेत अशी तिने नजर मुलाच्या टोपीवर ठेवली आणि तशीच थांबली.

“मास्तर, डोळ्यात कोण उभं आहे?”

मास्तरांनी सांगितलं. एकदा सुरू केल्यावर त्यांना थांबता आलं नाही. ब्रश, नियम, पडदा, आठ दिवसांतले डोळे. मोजा. तिने खुर्ची चाचपली आणि बसली. किती वर्षं पुसत होतात, तिने विचारलं. मास्तर म्हणाले, अकरा. पहिल्या फोटोपासून.

मावशीने हात पुढे करून मास्तरांचा हात शोधला आणि थोपटला. “तुम्हीही चांगल्या मनानेच केलंत,” ती म्हणाली.

त्यापेक्षा तिने कानफटात मारली असती तर बरं झालं असतं.

यादीबद्दल मास्तर बोलणार नव्हते, पण तिने विचारलंच. काही फोटोंत ती लांब आणि काहींत जवळ का? त्यांना खोटं बोलता आलं नाही. मावशीने सगळं ऐकून घेतलं. म्हणजे चेहरा बघायचा तर कुणाचं तरी, एवढं बोलून ती थांबली. पदराची कड असल्यासारखी ती आपल्या बाहीची कड बोटांत गुंडाळत राहिली. त्या वेळात तिच्या मनात काय येऊन गेलं ते मास्तरांनी विचारलं नाही, आणि तिने सांगितलं नाही.

“उद्यापासून मुलांच्या डोळ्यांत बघायचं नाही,” शेवटी ती म्हणाली. “तुम्हीही नाही. त्यांचे फोटो त्यांच्या आयांसाठी आहेत. मला बसवा त्या खुर्चीत.”

मास्तरांनी ढीगभर सबबी काढल्या. उजेड चांगला नाही, त्यांचा हात कॅमेऱ्यावर बसलेला नाही, फिल्म संपलीय. मावशी हसली. फिल्म माझ्या पर्समध्ये असते, म्हणाली, आणि माझं वय बघा की जरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता ती खुर्चीत बसली. तिने केस नीट केले, कॉलर सारखी केली. मास्तर तिवईशी उभे राहिले. खिडकी त्यांच्या पाठीमागे होती, आणि दारही.

वॉर्डातून कुणाच्या तरी खोकल्याचा आवाज आला आणि थांबला. मास्तरांनी कॅमेऱ्यात पाहिलं. मावशी सरळ बघत होती, म्हणजे कुठेच नाही.

मग तिची नजर हलली. ती मास्तरांच्या खांद्यावरून दाराकडे गेली.

तिथून ती हळूहळू खाली येत गेली.

मास्तरांनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांच्या कोपरापाशी, अगदी जवळ, बुटाच्या पट्ट्याची सैल कडी वाजावी तसा बारीक आवाज झाला. एकदा. मग त्यांच्या पुढे.

मावशीची नजर आता स्वतःच्या गुडघ्यांपुढे, हातभर अंतरावर स्थिर झाली होती. तिने मान थोडी वाकवली, मूल काही सांगतंय ते ऐकायला वाकवावी तशी.

मास्तरांनी बटण दाबलं.

ती फिल्म धुताना त्यांनी आयुष्यात प्रथमच वेळ मोजायला बायकोला आत बोलावून उभं केलं. एकटं राहायचं नाही म्हणून, हे त्यांनी सांगितलं नाही आणि तिनेही ओळखूनच विचारलं नाही. डोळा मोठा करून कागदावर पाडला. ट्रेमध्ये चित्र वर आलं तेव्हा त्यात खिडकी नव्हती, कॅमेरा नव्हता, मास्तर नव्हते. बुबुळभर फक्त एक चेहरा होता. ती हसत नव्हती, रागावलेली नव्हती. वाट बघून बघून कंटाळलेलं मूल दिसतं तशी दिसत होती.

“कुणाची हो मुलगी?” बायकोने विचारलं. “गोड आहे.”

मास्तरांनी त्या फोटोला ब्रश लावला नाही. खऱ्या धुळीचे चार ठिपके होते, तेही तसेच ठेवले.

मावशीने फोटो डोळ्यांच्या कडेशी धरला, कधी या बाजूने, कधी त्या. तिच्या नजरेत कडेला उरलेल्या पट्टीतून तिला तो तुकड्यातुकड्याने बघावा लागत होता. कपाळ. भुवई. ओठ. मास्तर दाराशी उभे होते.

“नाक सासूबाईंचं आहे की,” ती म्हणाली. “मी विसरलेच होते.” मग अडतीस वर्षांचं जे काही होतं ते बाहेर आलं. मास्तरही तिथेच उभ्या उभ्या रडले. पुष्कळ वेळाने तिने डोळे पुसले आणि मोजा कसा आहे ते विचारलं. मास्तर म्हणाले, फार जवळ आलीय हो, पाय चौकटीत मावले नाहीत.

असू दे, मावशी म्हणाली. बघते मी.

त्यानंतर ती नऊ दिवस होती. दुपारी जेवण करून पडली ती उठलीच नाही. फोटो उशीजवळ, पालथा, काळजीपूर्वक ठेवलेला होता.

नव्या इमारतीच्या व्हरांड्यात बारा फोटो लागले. डोळ्यांत दोन-दोन चमका आहेत हे त्या समीक्षकाच्या लगेच लक्षात आलं आणि त्याने त्यावर अर्धं पान खर्ची घातलं. मावशीच्या मागे मंगळवारचं काम बंद पडू नये म्हणून मोठ्या सिस्टरांनी कॅमेरा हातात घेतला. फोकस कधी कानावर असे, कधी खुर्चीच्या पाठीवर. तरी आयांना चौकटी मिळत होत्या, आणि चौकट छातीशी धरून बाहेर पडणारी कुठली आई फोकस बघते?

मुलांच्या डोळ्यांत बघायचं नाही हा मावशीचा शब्द मास्तरांनी पाळला. दीड महिना पाळला. मग चार वर्षांच्या एका मुलीचा फोटो नेमका डोळ्यांवर साधला गेला आणि छापताना ब्रश हातात घेतल्यावर सवयीने त्यांची नजर तिथे गेली. खिडकी होती. वाकलेल्या सिस्टर होत्या. दुसरी चमक दाराच्या उंबऱ्यावर होती, चौकटीला पाठ लावून.

दाराशी आहे, म्हणजे घरी जाईल ही पोर, मास्तर स्वतःशी म्हणाले आणि त्यांनी सुस्कारा सोडला. ब्रश धुऊन ठेवला. दिवा मालवायला हात नेला आणि न राहवून परत एकदा भिंग टेकवलं.

ती एकटीच होती. तोच फ्रॉक, तेच बूट. दोन्ही मोजे गुडघ्यापर्यंत नीट वर ओढलेले होते.